दाखल क्रमांक २११७

नागपूरच्या गठ्ठ्यातून आली.
चारशे बारा पानं, मुखपृष्ठावर काळी गाडी
आणि मंत्रालयाच्या जिन्यावर कुणाची तरी एकच चप्पल.
मी शिक्का मारला, डिंकाने चिठ्ठी डकवली,
आणि पिंपळखुट्याच्या आमच्या ‘ड’ वर्ग वाचनालयात
मुख्यमंत्र्यांच्या खुनाचा कट
सात दिवसांच्या मुदतीने घरोघर जाऊ लागला.

पहिले पुंजारामजी डाखोरे, निवृत्त तलाठी.
“कट बरा हाये,” म्हणाले, “पन फाइल पाह्य.
तिसऱ्या प्रकरनात निंगाली, चौथ्यात मंजूर?
मधात दोन टेबलं राह्यले ना बावा त्याचे.”
समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
आवक क्रमांक कोठे आहे?

जिनिंगच्या काट्यावरचे मन्नानभाई
पुस्तक तळहातावर तोलत परत द्यायला आले.
“एका मानसासाठी एवढा खर्च!
तीन पासपोर्ट, परदेशी नेमबाज.
आपल्या सोसायटीचे सात मेंबर
तवेऱ्यात कोंबले, चिखलदऱ्याले नेले,
चार दिवस आलूबोंडे चारले, अध्यक्ष बदलला.
मेलं कोनीच नाही.
येकाले थंडी वाजली फक्त.”

लीलाधर कंपाउंडर रात्रपाळीत वाचायचा,
सलाईनच्या दोन बाटल्यांच्या मधल्या वेळात.
विषाबद्दल त्याची तक्रार होती:
“इतक्या डोसात जीभ जड होते.
हा गडी दीड पान बोलून रायला.”

डी.एड.ची प्रणोती ढोरे हिने
साठाव्या पानावरच खुनी ओळखला
आणि एकसष्टाव्यावर बाण काढून नाव लिहिलं.
आठ दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही.
डाखोरेजींनी खोडरबर फिरवला,
पण पानावरून बोट फिरवलं
की नाव अजून लागतं.

संध्याकाळी पारावर वाद:
यातला तो पांढऱ्या सफारीतला, खरा कोण?
ज्याचं ज्याच्याशी धुऱ्यावरून वाजलेलं
त्याला तो सफारीत दिसे.
मुंबईचं नाव कोणी काढलंच नाही.

मग बेबीताई. सरपंच. चौथं वर्ष.
वाचनालयात याआधी आल्या त्या झेंड्याला.
बाहेर नामदेवभाऊ, मोटारसायकल चालूच.
बावीस दिवस ठेवलं होतं पुस्तक,
दंडाचे साडेसात रुपये आधी टेबलावर ठेवले.
“कशी वाटली?” मी सगळ्यांना विचारतो.
त्यांनी सत्तेचाळीसावं पान उघडलं,
खूण म्हणून एसटीचं तिकीट होतं तिथे.
“हे टायपिस्ट बाई. सायेब म्हने, इथं सही कर.
तिनं केली.
मंग थे गेली कुठीसा?”
“पुढे ती येत नाही.”
“तेच तं म्हन्तो मी.
साऱ्या कटाची चाबी तिच्या सहीत,
अन् लिवनाऱ्याले तिचं नाव ठेवाचं बी सुचलं नाही.
कागद तवा कोरा व्हता का भरेल?
थे तरी लिवाले पाह्यजे व्हतं.”

बाहेर हॉर्न. मग परत हॉर्न.
मी नोंदवही पुढे केली, अभिप्रायाचा रकाना.
त्यांनी घाई केली नाही.
बेबी नामदेव घोडेस्वार,
एकेक अक्षर, काना सुद्धा सावकाश.
आणि सहीच्या वरती दोन ओळी रिकाम्या होत्या,
त्यांवर, पट्टी मागून घेऊन,
आडवी रेघ मारली.
“मोकळी जागा ठेवाची नाही,” म्हणाल्या,
आणि गेल्या.

मार्चात अनुदानाची तपासणी आहे.
दरवर्षी मी तीन शाईची पेनं घेऊन बसतो,
रोजचे चाळीस वाचक पुरे करतो.
काही त्यातले वारलेले आहेत,
वाचतात मात्र नियमित.
आज त्या पानावर आलो.
रेघेच्या वर आता काही बसत नाही.
खालून सुरू करतो.